न मोजलेलं पाणी

ऑफिसात बसून जहाजांना रस्ता आखून देणाऱ्या त्या खोलीत आठ-नऊ माणसं होती, पण आधी स्वतः समुद्रावर राबून मग खुर्चीत बसलेली ती एकटीच. म्हणून जहाजावरची माणसं तिला थट्टेनं ‘वाटाड्या’ म्हणायची. बाईला वाटाड्या कसं म्हणता, असं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं. वाट चुकली नाही म्हणजे झालं, व्याकरण चुकलं तरी चालेल.

हे नाव ठेवलं होतं पान्यानं. पान्या म्हणजे जहाजावरचा फिटर. मागच्या खिशात कायम एक पाना, जेवायला बसतानासुद्धा. ती सेकंड ऑफिसर होती तेव्हा दोघं एकाच जहाजावर होती. पहिल्याच खवळलेल्या समुद्रात ती उलट्यांनी आडवी झाली, तेव्हा त्यानं तिला इंजिनरूममध्ये नेऊन सगळ्यात खालच्या पायरीवर बसवलं आणि कोरडं बिस्कीट खायला लावलं. “इथे जहाज कमी डुलतं, ताई. वरच्या लोकांना उगाच वाटतं ते वर आहेत म्हणून.” तेव्हापासून तो तिचा मानलेला भाऊ आणि त्याची बायको तिची वहिनी. त्याच जहाजावरच्या चीफ ऑफिसरशी तिनं लग्न केलं. मुलगी झाल्यावर ती जमिनीवर आली. नवरा समुद्रावरच राहिला आणि पुढे कप्तान झाला. आणि पान्या फिरत फिरत त्याच्याच जहाजावर येऊन पोचला.

ती समुद्रावर लागली तेव्हा नकाशे कागदाचे होते. जहाज चालवायच्या वरच्या खोलीत, ब्रिजवर, पसरट खणांत टेबलाएवढे कागद आडवे ठेवलेले असत. दर आठवड्याला दुरुस्त्या यायच्या. कुठे बुडालेलं जहाज सापडलं, कुठला दिवा बंद पडला, कुठे गाळ साठला. बारीक टोकाच्या पेननं त्या एकेक करून नकाशावर उतरवायचं काम तिच्याकडे असायचं. मान मोडून यायची. मग संगणकाचे पडदे आले. सुरुवातीला ते कागदाशेजारी सावत्र पोरासारखे उभे असायचे, कोणी फारसं बघायचं नाही. दोन-चार वर्षांत उलटं झालं. एका बंदरात सगळे कागद गुंडाळून रद्दीच्या गाडीत टाकले गेले आणि धक्क्यावर उभं राहून तिनं ते पाहिलं. तिला वाईट वाटलं नाही. कागदावर पेन्सिलीची खूण करेपर्यंत जहाज पुढे गेलेलं असायचं. आपण कुठे होतो ते कळायचं. पडद्यावर आपण कुठे आहोत ते दिसत होतं. धुक्यात, गर्दीच्या खाडीत या पडद्यानं किती जणांचे जीव वाचवले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, पण ते वाचले हे तिला माहीत होतं.

एकच गोष्ट कागदावर बरी होती. ज्या पाण्याची खोली नीट मोजलेली नव्हती तिथे आकडे विरळ असायचे, मध्ये कोरा कागद दिसायचा. बघणाऱ्याला आपोआप धाक बसायचा. पडद्यावर आकडे विरळ असले तरी मध्ये निळा रंग भरलेला, कोरं काही नव्हतं. काल यंत्रानं मोजलेलं पाणी आणि शंभर वर्षांपूर्वी कोणी शिशाचा गोळा दोरीला बांधून मोजलेलं पाणी, दोन्ही सारखीच निळी. मोजमाप किती भरवशाचं आहे ते पाहायची सोय होती. एक बटण दाबलं की पडद्यावर चांदण्या उमटायच्या. सहा चांदण्या म्हणजे पाणी डोळे मिटून भरवशाचं. दोन म्हणजे देवावर हवाला. पण चांदण्या लावल्या की पडदा गिचमिड होई, म्हणून बहुतेक जण त्या बंदच ठेवत.

कंपनीनं आणलेली नवी पद्धत याच्याही पुढची होती. वारा, लाटा, इंधन, खोली सगळं एकत्र करून प्रोग्रॅम मार्ग आखायचा, स्वतःच तो तपासायचा आणि ठीक असला तर हिरवा करायचा. खोलीतल्या माणसानं पाठवला की तो थेट जहाजाच्या पडद्यावर जायचा. कप्तानानं फक्त ‘मान्य’ दाबायचं. अमान्य करता येत होतं, पण मग कारण द्यावं लागे, आणि ते कारण खोलीच्या प्रमुखाच्या, साहेबांच्या, टेबलावर जाई.

साहेब वाईट माणूस नव्हता. रागवायचा नाही, आवाज चढवायचा नाही, प्रत्येकाच्या मुलांची चौकशी करायचा. त्याला मनापासून वाटायचं की समुद्रावरचे निम्मे अपघात दमलेल्या माणसांच्या हट्टामुळे होतात, आणि ते थांबवायला आपण निघालो आहोत. मागे एकदा तिनं नवऱ्याच्या जहाजाला एका बेटाभोवतीचा लांबचा मार्ग दिला होता. तेव्हा तो तिच्या खुर्चीशेजारी येऊन हळू आवाजात म्हणाला होता, “बाकीच्या जहाजांवर पण कोणाकोणाचे नवरे आहेत.” खोलीत सगळ्यांनी ऐकलं. कोणी हसलं नाही, पण त्यानंतर नवऱ्याच्या जहाजाचं काम हातात आलं की मानेवर सगळ्यांचे डोळे टोचतात असं तिला वाटू लागलं.

त्या वर्षी नेहमीच्या वाटेवर मोठं वादळ येऊन ठाण मांडून बसलं. कप्तानाचं जहाज सिमेंटनं भरलेलं, पाण्यात खोल बसलेलं. प्रोग्रॅमनं वादळाला वळसा घालून दोन बेटांच्या रांगांमधून जाणारा मार्ग काढला. हिरवा. तिनं सवयीनं चांदण्यांचं बटण दाबलं. दोन्ही टोकांना सहा, पाच. मधल्या पट्ट्यात दोन.

ती साहेबांकडे गेली.

“दोन म्हणजे तिथे खडक आहे असं होत नाही,” साहेब म्हणाला.

“नाही असंही होत नाही. तिथे कोणी नीट बघितलेलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ.”

“याआधी जहाजं गेली आहेत की.” त्यानं तिला मागच्या वर्षाच्या खुणा दाखवल्या. तीन जहाजं गेली होती खरी.

“ती लहान होती. कमी पाण्यात चालणारी.”

साहेबानं चष्मा काढून डोळे चोळले. “मग त्याला वादळात पाठवू का? की चार दिवस नांगर टाकून बसवू? तुम्हीच सांगा. दुसऱ्या कुठल्या जहाजासाठी तुम्ही उठून इथवर आला असतात का?”

आपण आलो असतो की नाही, हे तिला त्या क्षणी खरंच ठरवता येईना. ती जागेवर आली आणि तिनं मार्ग पाठवला.

दुपारी कप्तानाचा फोन आला. उपग्रहावरचा फोन, मध्ये मध्ये तुटणारा आवाज. साहेब तेव्हा शेजारच्या टेबलाशी वाकून काही समजावत होता.

“हा मधला पट्टा बघितलास का?” कप्तान म्हणाला. “मला जरा मोकळा मोकळा वाटतोय. आकडे कमी आहेत.”

“बघितला.”

“मग?”

साहेब मान न वळवता ऐकत होता. ती नवऱ्याला घरात ‘अरे’ म्हणायची, फोनवर त्याच्या नावानं हाक मारायची. त्या दिवशी ती म्हणाली, “मार्ग हिरवा आहे, कप्तान.”

 मग तो हसला. “तू बघितलंस ना, मग झालं. संध्याकाळी पोरीला सांग, शिंपले आणतोय.”

फोन ठेवल्यावर पुन्हा लावावा असं तिच्या मनात आलं. ती पाणी प्यायली, मग तिनं खिडकीतून खाली रस्त्यावर गाड्या लागल्या होत्या त्या पाहिल्या, आणि पुढच्या जहाजाचं काम उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळ स्वच्छ होती. समुद्र तव्यासारखा सपाट. कप्तान ब्रिजवर उभा राहून चहा पीत होता. त्यानंच नंतर हे सगळं सांगितलं, चौकशीत आणि घरीही. पडद्यावर जहाजाची खूण हिरव्या रेघेवरून केसभरही न हलता चालली होती. मग पायांखालून एक लांब कुरकुर आली, कोणीतरी मोठं लाकडी कपाट फरशीवरून ओढत न्यावं तशी. कपातला चहा सांडलाही नाही. जहाज एका बाजूला किंचित कललं, सरळ झालं, आणि खडकावरून घासत पुढे निघून गेलं. पडद्यावर अजूनही निळं पाणीच होतं.

खडकानं तळ मागच्या बाजूला फाडला होता. इंजिनरूमच्या मागे, जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याचा एक अरुंद बोगदा असतो. बोगदा आणि इंजिनरूम यांच्यामध्ये पाणी अडवणारं लोखंडी दार असतं, ते वरून, ब्रिजवरूनही बंद करता येतं. पान्या त्या सकाळी बोगद्यात एका गळक्या पंपाचं काम करत होता. बोगद्याच्या पलीकडच्या टोकाला वर जायची शिडी होती, पण पत्रा नेमका तिथेच फाटला होता.

इंजिनीअरचा खालून फोन आला. “दार लावा, कप्तान. पाणी दाराच्या उंबऱ्यावरून यायला लागलंय. इंजिनरूम गेली तर सगळंच गेलं.”

“पान्या कुठे आहे?”

“हाका मारतोय. आवाज येतोय त्याचा. येतोय म्हणतोय.”

कप्तान थांबला. किती थांबला, ते तो पुढे प्रत्येक वेळी वेगळं सांगत असे. इंजिनीअर दुसऱ्यांदा म्हणाला, “आता गुडघ्यापर्यंत आलं. लावा.” वर वीस माणसं होती. कप्तानानं कळ फिरवली. दार बंद होताना घंटा वाजते, ती वाजली. दार लागल्यावर आतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज काही वेळ येत राहिला. इंजिनीअर म्हणाला, पाना असणार.

जहाज बुडालं नाही. दोन टगबोटींनी ते ओढून बंदरात आणलं. पाणी उपसल्यावर पान्या दाराशीच मिळाला.

कप्तान घरी आला तेव्हा त्याच्या हातात फक्त कपड्यांची बॅग होती. मुलगी धावत जाऊन त्याला बिलगली, तो तिच्या केसांवर हात ठेवून दारातच उभा राहिला. जेवताना त्यानं सगळं सांगितलं, अगदी कपातल्या चहापर्यंत. फोनबद्दल तो बोलला नाही. तीही बोलली नाही. दोघं एकमेकांना भाजी वाढत राहिली.

आठवड्यानं ती वहिनीकडे गेली. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, दारात पान्याच्या चपला तशाच. वहिनीनं चहा केला. तिनं नको म्हटलं तरी केला.  बराच वेळ वहिनी त्याच्या लहानपणचं काहीबाही सांगत राहिली, कसा शाळेतून पळायचा, कसा घरातला प्रत्येक नळ उघडून बसायचा. मग एकदम म्हणाली, “कंपनीचे लोक आले होते. म्हणाले, तिथे खडक आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. खरं ना? तुला कळतं त्यातलं.”

“हो,” ती म्हणाली. “माहीत नव्हतं.”

वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. “मग नशीबच म्हणायचं. दुसऱ्याला बोल लावून काय उपयोग. तुझ्या नवऱ्याला सांग, दाराचं मनाला लावून घेऊ नकोस म्हणावं. हा त्याच्या जागी असता तर यानंही लावलं असतं.”

निघताना दारातल्या चपला ओलांडून ती जिना उतरली.

चौकशीची सुनावणी बंदरातल्या एका लांबट खोलीत झाली. कंपनीचे वकील आणि साहेब, समितीची तीन माणसं, मागच्या खुर्च्यांवर जहाजावरचे लोक आणि वहिनी. कप्तानाला विचारलं, मार्ग तुम्हाला संशयास्पद वाटला होता का?

“हो.”

“मग अमान्य का केला नाहीत? कोणाशी बोललात का?”

तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. “मान्य मी केला. जबाबदारी माझी.”

वकिलांनी समाधानानं काहीतरी लिहून घेतलं. मग तिला बोलावलं. प्रश्न साधे होते. प्रोग्रॅम कसा चालतो, तपासणी कशी होते. शेवटी समितीतल्या म्हाताऱ्या माणसानं विचारलं, “तिथे खडक आहे हे तुमच्या खोलीत कोणाला माहीत होतं का?”

“नाही.”

“ठीक. बसा.”

ती बसली नाही. “तिथे काय आहे हे माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “पण आपल्याला माहीत नाही, हे माहीत होतं. मला होतं. मी साहेबांना दाखवलं. आणि कप्तानांनी मला फोन करून विचारलं, तेव्हा मी सांगितलं नाही. मार्ग हिरवा आहे म्हटलं.”

“का सांगितलं नाहीत?”

“तो माझा नवरा आहे म्हणून. ऑफिसात लोक काय म्हणतील म्हणून.”

खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली. साहेब बुटांकडे बघत होता. कप्तानानं डोळे मिटले होते.

बाहेर बोळात वहिनी तिच्यापुढे येऊन उभी राहिली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “कोर्टात बोललीस. माझ्या घरात बसून चहा प्यायलीस तेव्हा का नाही बोललीस?”

“वहिनी, मला...”

“वहिनी म्हणू नकोस.”

वहिनी निघून गेली. त्यानंतर तिनं फोन उचलला नाही, दार उघडलं नाही. वर्षभरानं ती जागा सोडून कुठे गेली ते जहाजावरच्या कोणालाही सांगून गेली नाही.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर कप्तान पहिल्यांदा बोलला. “कशाला सांगितलंस? मी निभावून नेलं होतं.”

“खोटं होतं ते.”

“खोटं नव्हतं. बटण मीच दाबलं.” त्यानं किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. “मला एकच सांग. तू ‘कप्तान’ म्हणालीस. कधी म्हणत नाहीस. मला ते खटकलं होतं. मला वाटलं, कोणी ऐकतंय म्हणून थट्टा करतेयस. खरंच काही असतं तर तू सांगितलंच असतंस, असं मी धरून चाललो.”

तिनं सीटबेल्ट लावला.  मागून कोणीतरी हॉर्न वाजवला तेव्हा त्यानं गाडी काढली.

निकाल आला. मार्ग न तपासता मान्य केल्याबद्दल कप्तानाचा परवाना तीन वर्षं काढून घेतला. कंपनीनं कर्मचाऱ्यांना अधिक प्रशिक्षण द्यावं अशी शिफारस झाली. तिच्या साक्षीला दोन ओळी मिळाल्या. कंपनीनं तिला काढलं नाही. टेबल फक्त भिंतीकडे नेलं आणि जहाजं काढून घेतली, मग तिनंच राजीनामा दिला. साहेबाला बढती मिळाली. सहा महिन्यांनी कंपनीनं जाहीर केलं की अपघातातून धडा घेऊन नव्या जहाजांवरचं ‘मान्य’ बटणच काढून टाकलं आहे. माणसाला विचारायचं ठेवलं की माणूस चुकतो. आता मार्ग ऑफिसातून थेट सुकाणूला जाणार होता.

कप्तान परवाना परत मिळाल्यावरही गेला नाही. बंदरातल्या शाळेत तो मुलांना दोरीच्या गाठी शिकवू लागला. घरात त्याला दार लावलेलं चालेना, बाथरूमचंसुद्धा. मुलगी मोठी होत होती, तिला ते अवघड व्हायचं. शेवटी दोघी मायलेकींनी न्हाणीघराला पडदा लावून घेतला.

तिनं मोजणी करणाऱ्या बोटीवर नोकरी धरली. शेत नांगरतात तशी ती बोट समुद्रावर जायची आणि यायची, जायची आणि यायची, आणि खालून येणाऱ्या आवाजाच्या प्रतिध्वनीतून तळाचं चित्र ओळीओळीनं पडद्यावर उमटायचं. बोटीच्या खलाशांचा म्होरक्या, तांडेल, सांगायचा, या वेगानं आपल्या वाट्याचा पट्टा संपवायला आपली नातवंडं म्हातारी होतील. हे तो हसत सांगायचा, पण विनोद म्हणून सांगायचा नाही.

एका सकाळी त्यांच्या पट्ट्याच्या पलीकडून एक मोठं जहाज आलं. तिच्या जुन्या कंपनीचं, नवं कोरं. ब्रिजच्या काचांमागे कोणी दिसत नव्हतं. न मोजलेल्या बाजूकडे ते सरळ चाललं होतं. तिनं रेडिओ उचलून हाक दिली. दुसऱ्यांदा दिली. मग एका बाईचा आवाज आला, स्वच्छ, नम्र, कुठल्याच गावचा नसलेला.

“आपली सूचना मिळाली आहे. धन्यवाद.”

“तुमच्या पुढे न मोजलेलं पाणी आहे. ब्रिजवर माणूस असेल तर बोलावा.”

“आपली सूचना मिळाली आहे. धन्यवाद.”

तिनं आणि तांडेलानं कठड्याशी उभं राहून पाहिलं. जहाजानं ना वेग कमी केला ना दिशा बदलली. ते त्या पाण्यातून गेलं, लहान होत होत क्षितिजाला लागलं आणि दिसेनासं झालं.

“गेलं ना नीट,” तांडेल म्हणाला.

बोट पुढच्या ओळीला लागली. दुपारी किनाऱ्याचा सिग्नल पकडला तेव्हा तिनं घरी फोन करून नवऱ्याला हे सांगितलं. आताशा ती दोघं याच गोष्टींवर नीट बोलू शकत होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“त्याच्या तळाखाली पाणी किती होतं?” त्यानं विचारलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “तिथपर्यंत आम्ही अजून पोचलो नाही.”